कुणाच्या नावाने

वार्डोत नोव्हेंबरअखेर सूर्य जातो
तो थेट जानेवारीत येतो,
त्यामुळे ‘रात्रीची कामं’ हा शब्द इथे जरा गमतीचाच.
पण सॉफ्टवेअरला रात्र घड्याळातली लागते:
दोन वाजून दहा मिनिटं.
धक्का सुनसान, बर्फाचं मशीन तेवढं घरघरतंय,
आणि सर्व्हर रांगेतलं एकेक काम उचलतो.
दिवसभराच्या वजनपावत्या जुळव.
कॉड वेगळा, हॅडॉक वेगळा, खेकडा वेगळा.
बोटीगणिक हिशेब कर,
बँकेला फाइल धाड.

नऊ वर्षं हे होत आलं.
नळाला पाणी येतं तोवर
टाकी कुठे आहे, कोण विचारतं?

मंगळवारी सकाळी ह्यर्डिस आली. आठ मीटरची बोट तिची.
टोपी न काढताच काउंटरवर टेकली:
“माझे पैसे?”
तिच्यामागे आस्लाक. त्याच्यामागे
फिलेटिंगवरचे दोघे लिथुआनियन भाऊ,
घरी पैसे पाठवायचा दिवस त्यांचा.
मी स्क्रीन उघडली.
लाल, लाल, लाल,
खाली सरकवलं तरी लालच.
एकेचाळीस कामं अडलेली
आणि प्रत्येकापुढे तेच थंड वाक्य:
वापरकर्ता निष्क्रिय आहे.

वापरकर्ता म्हणजे ओड्मुंड.
शुक्रवारी आम्ही त्याला पोचवून आलो होतो.
सोमवारी ट्रोम्सोच्या हेड ऑफिसात कुणीतरी
नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद केलं.
यात चूक कुणाचीच नाही.
सगळी रात्रपाळी त्याच्या एकट्याच्या नावावर आहे
हे नियमाला कसं कळावं?

म्हणजे सोमवारी रात्री
प्रत्येक कामाने त्याला हाक मारली.
पाच मिनिटं थांबून पुन्हा मारली.
तीनदाच, त्यानेच ठरवून दिल्याप्रमाणे,
मग गप्प झालं.
एकशे तेवीस हाका.
मी मोजल्या नाहीत, लॉगमध्ये आहेत.

फोनवरून ट्रोम्सोची पोरगी म्हणाली,
नवीन खातं उघडा, माणसाचं नको,
नाव ‘सिस्टिम’ द्या.
सिस्टिम रजेवर जात नाही,
पासवर्ड विसरत नाही,
आणि.
पुढचं ती बोलली नाही. चांगली पोरगी आहे.

मग मी एकेक काम उघडत गेले,
ओड्मुंड खोडून सिस्टिम लिहीत,
एकेचाळीस वेळा.
‘वर्णन’ नावाचा रकाना असतो, कुणी भरत नाही.
त्याने भरला होता.

*बँकेच्या फाइलआधी सात मिनिटं थांबा. का ते माहीत नाही, पण थांबा.*

*ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन दहा दोनदा वाजतात. दुसरी खेप अडवा, नाहीतर ह्यर्डिसला दुप्पट पैसे जातील. ती परत करेल, पण महिनाभर बडबडेल.*

*मार्चच्या शेवटच्या रविवारी दोन दहा वाजतच नाहीत. त्या रात्री मी येऊन हाताने चालवतो.*

येऊन.
नऊ मार्च, घड्याळ पुढे सरकताना,
चढावरच्या त्या पिवळ्या घरातून
निसरड्या वाटेने, खिशात किल्ल्या,
एक बटण दाबायला.

मी वेळ एक दहा केली.
झालं. एवढंच करायचं होतं.
एक वाजता घड्याळ कधीच कुणाला फसवत नाही.
हे त्याला सुचलं नसेल? ओड्मुंडला?
मी खूप वेळ तो रकाना बघत बसले,
कॉफीवर साय धरली.

अकरा वीसला रांग हातानेच सुरू केली.
हिरवं. हिरवं. एक पिवळं, मग तेही हिरवं.
ह्यर्डिसचा फोन वाजला. तिने बघितलं,
“आले,” म्हणाली, “सांग त्याला,”
आणि टोपी डोक्यावर होती तीच
पुन्हा नीट करत राहिली.

संध्याकाळी बाकी सगळं तपासलं.
जुने थांबे काढून टाका, असं ट्रोम्सोचं म्हणणं,
बँकेची नवी यंत्रणा तत्काळ घेते.
घेत असेल.
सात मिनिटं मी तशीच ठेवली.