कडा

माझं काम कडा जुळवायचं.
एका शीटवरचा ओढा दुसऱ्या शीटवर
तिथूनच पुढं निघायला हवा,
नाहीतर पाणी हवेत लटकतं
आणि महिन्याभरात तक्रार अर्ज येतो.

काम शिकवलं बिराजदार अण्णांनी.
कानामागे पेन्सिल, गालात अर्धी सुपारी.
म्हणाले, जिल्हा म्हंजे काय बे?
अकरा तालुके अन् एक टाचणी.
टाचणी पडली की सगळं फडफडतंय बघ.

वर करमाळा, तिथं निळी शाई जास्त लागते.
मंगळवेढ्याला काळी माती, नकाशात ती पांढरीच राहते.
सांगोल्याला बोट ठेवलं तरी घशाला कोरड.
सीना खाली कुडलला भीमेत शिरते,
पुढं भीमाच हद्द.
या काठाला आपला तलाठी, त्या काठाला त्यांचा,
मध्ये वाळू, तिला दोघांचीही भाषा येते.

नदी सरकली तर राज्य सरकतं का, अण्णा?
रेघ सरकत नाही, म्हणाले.
मानूस सरकतो. चहा सांग.

दक्षिणेकडच्या एका शीटवर
कर्नाटकचा ओढा दीड मिलिमीटर डावीकडं होता.
जमिनीवर पंचाहत्तर मीटर.
जाऊन पाहिलं: एक लिंब, दोन म्हशी,
सिमेंटची टाकी, तिच्यावर वाळत घातलेली चड्डी.
बाई म्हणाली, मत आम्ही इकडं देतो, लाईट तिकडनं येते,
मोजायचं असेल तर सावलीत उभं राहून मोजा की.

शिरगणतीला ड्युटी लागली कुंभारीच्या विडी घरकुलात.
मे महिना. पत्र्यावर कावळासुद्धा बसत नव्हता.
पुल्लव्वा चिट्याल, वय अंदाजे साठ,
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं.
मातृभाषा, मी विचारलं.
विड्या मोजायच्या तेलुगूत.
भांडण कन्नडमध्ये, शेजारीण तशी आहे.
पोराच्या शाळेत मराठी. मस्तानबीच्या दुकानात उधारी
जिला ती उर्दू म्हणते आणि मी हिंदी.
मग लिहू काय?
कात्री थांबवली नाही तिनं.
जागा किती हाय?
एक चौकोन, म्हटलं.
ती हसली. पान गुंडाळून, दोरा बांधून,
तोंड नखानं आत दाबून
विडी कशी बंद करतात ते तिनं मला दाखवलं.

नान्नजच्या माळावर माळढोक मोजायला गेलेला वनरक्षक
आमच्या कार्यालयात झेरॉक्सला आला होता.
किती दिसले?
एक, म्हणाला.
मग जिन्यावरून मागं वळून,
कालचाच असेल तो.

अण्णा निवृत्त झाले, टेबल मला आलं.
खणात सुपारीचा भुगा, एक तुटकी स्केल,
आणि वाघदऱ्याचं जुनं शीट.
वाघदरे आता नाही. धरणाच्या पोटात आहे.
नव्या शीटवर तिथं नुसता निळा रंग,
सपाट, एकही कड नसलेला.

गेल्या गुरुवारी म्हाळाप्पा सलगर आले,
टोपी हातात, पिशवीत रेशनकार्ड आणि भाकरी.
बुडालेल्या गावच्या नकाशाची नक्कल पाहिजे.
नियमात बसेना. गाव अस्तित्वात नाही,
नक्कल कशाची द्यायची, साहेब म्हणाले.
फी मात्र ठरलेली आहे, वीस रुपये, ती त्यांनी आधीच भरलेली.

मी जुनं शीट टेबलावर पसरलं.
ते वाकले. चष्मा नव्हता.
बोट चावडीवरून निघालं, मारुतीला वळसा घातला,
पाणंदीत शिरलं, एकदा चुकलं,
परत फिरलं,
आणि एका ठिकाणी नख टेकवलं.
हितं, म्हणाले. न्हाणी ह्या अंगाला.

अर्जात कारणाचा रकाना रिकामा होता.
बिनकारणाचा अर्ज पुढं जात नाही.
विचारलं, काय लिहू?
बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले.
बघायला, म्हणाले. लिवा, बघायला.

लिहिलं.
नक्कल काढायला शीट काचेवर धरलं, खालून दिवा लावला
तर कागदावर नखाची बारीक चंद्रकोर,
कुठल्याच सूचीत नसलेली खूण.
ट्रेस करताना क्षणभर थांबलो.
मग तीही उतरवली, शाईत.