धडा

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात
मी वजनाच्या पावत्या करते. एकोणीस वर्षं.
हळदीचं पोतं काट्यावर चढतं,
बारदानाचे सहाशे ग्रॅम मी न बघताच वजा करते.

म्हणून डॉक्टर कोयंड्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर
गळ्यातली ग्रंथी काढून दाखवली, म्हणाले,
फुलपाखरासारखी असते बघा,
तेव्हा मला काही फुलपाखरू दिसेना.
दोन पारडी. मधे दांडी.

गोळी पंचाहत्तर मायक्रोग्रॅमची.
घरी येऊन ईशानीच्या वहीत मांडलं:
एका ग्रॅमचे दहा लाख वाटे,
त्यातले पंचाहत्तर.
शेठच्या चिमटीतून उडून
आख्ख्या गाळ्याला शिंकवणारी मिरपूड
याच्यापुढे गोणीभर.
आणि तेवढंच कमी पडलं म्हणून मी
भर मे महिन्यात, ऐरोलीत, गोधडी घेऊन झोपत होते,
दुसऱ्या मजल्यावर जिन्यात टेकायचे
चपलेत खडा गेलाय असं दाखवत.

पहाटे साडेपाचला उपाशीपोटी गोळी.
मग तासभर चहाकडे नुसतं बघायचं.
सहा महिन्यांत रिपोर्ट सुधारला.
रिपोर्ट सुधारला, असंच म्हणते मी.
खडा अधूनमधून जायचाच चपलेत.

विभाचा न्यू जर्सीहून फोन.
चातुर्मासात कांद्याला न शिवणारी माझी बहीण
हळू आवाजात म्हणाली, मी डुकराचं घेते.
त्याच्या ग्रंथीची पूड. नैसर्गिक असतं गं.
आईला बोलू नकोस. तुला पाठवू?
मी विचारलं, दर डबीत सारखंच भरतं का?
ती म्हणाली, तू ना, कायम काट्यावरच बसलेली असतेस.
खरंय. पण उत्तर दिलं नाही तिनं.

डॉक्टर म्हणाले, अजून एक करून बघता येईल.
तुम्ही घेता ते टी-फोर, त्यात थोडं टी-थ्री.
सगळ्यांना मानवतंच असं नाही. तीन महिने बघू.
टी-फोर म्हणजे हळकुंड, मीच त्यांना समजावलं,
शरीर लागेल तसं दळून घेतं.
टी-थ्री ही दळलेली हळद.
लगेच रंग. लगेच उडते.
ते म्हणाले, हे मी आता सगळ्यांना सांगणार.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी
चौथ्या मजल्यापर्यंत पोचले, आणि दार उघडताना कळलं
की मधे कुठे बसलेच नाही.
जुलेखाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन कधी होतं
ते तिच्या आधी मला आठवलं.
हे खोटं नाही. हे लिहून ठेवलंय.

मग अकराच्या सुमाराला बोटं थरथरायला लागली.
त्रेपन्न किलो जिरं मी पस्तीस लिहिलं,
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.
रात्री छातीत कोणीतरी पोती उतरवत होतं,
धप. धप. धपधप.
मुकुंद उठून बसायचा, पाणी द्यायचा,
काय विचारावं ते न सुचून
पंख्याचा वेग कमी करायचा.

दळलेली बंद झाली.
पंचाहत्तर आणि शंभरच्या मधे
अठ्ठ्याऐंशीची गोळी असते, हे मला माहीत नव्हतं.
कंपनी तीच ठेवा, डॉक्टर म्हणाले, दर वेळी बदलू नका.
त्या दुपारचं काय, हे मी विचारलं नाही.
चौथा मजला. किल्ली. श्वास जागेवर.
कधी वाटतं, थोडी चिकाटी धरायला हवी होती.
कधी पस्तीसचा आकडा दिसतो.

आमच्या गाळ्यात जुना दांडीचा तराजू आहे,
आता फक्त केशराच्या पूजेपुरता.
दगडूभाऊ तो काढतात तेव्हा
आधी रिकामी पारडी बघतात.
एक नेहमी थोडं वर राहतं.
ते हलक्या पारड्यात एक खडा टाकतात,
म्हणतात, धडा केल्याशिवाय काही तोलायचं नसतं ताई.

साडेपाच वाजलेत.
मी जिभेवर खडा ठेवते.
चहाला अजून तास आहे.