बुधल्याचा उलटा घोट

सावद्याला, मागच्या खोलीत,
डाग पडला म्हणून ट्रकमधून उतरवलेली केळी
कुस्करून वीस लिटरच्या बुधल्यात घातली.
साखर, लिंबू, कोरा चहा, चिमूटभर यीस्ट.
वर रबरी बूच,
बुचात पाण्याचं कुलूप:
आतलं बाहेर जाईल, बाहेरचं आत नाही.

तिसऱ्या रात्री कुलूप फेसानं तुंबलं.
अडीच वाजता बूच थेट पत्र्यावर.
भिंतीवर, कॅलेंडरवर,
इस्त्रीच्या शर्टावर केळंच केळं.
सुमन उठली नाही. अंधारातूनच म्हणाली,
"गेलं का तुमचं विमान?"

सकाळी फिरके आले.
भुसावळच्या लोको शेडात जन्म गेला, वाफेशी ओळख.
बुधल्याला कान लावून म्हणाले,
"वाट दे भो त्याले.
कोंडशीन त तो दार शोधीन,
न् ते दार तुह्या मनातलं नसीन."

ठिबकची उरलेली नळी, भोकं न पाडलेली.
एक टोक बुचात, एक बादलीत.
मग दिवसभर बुड्... बुड्...
मिनिटाला अठ्ठावीस.
मी कामधंदा सोडून मोजत बसायचो.

आणि पौषातली ती रात्र, सात अंशांची.
आवाज थांबला म्हणून जाग आली.
बॅटरी मारली तर नळीत पाणी चढत होतं.
गारठ्यानं आतली हवा आकसली
आणि बुधला बादली पीत होता,
सावकाश,
तान्ह्या पोरासारखा.
नळी उपसून ओल्या पायांनी उभा राहिलो.
इतके दिवस मी फक्त ढकलण्याला भ्यालो होतो.

"एवढं पाणी कायले?" फिरके म्हणाले.
"नखभर बुडू दे. न् कमान उंच घे."

माघात गाळ बसला.
बुधला टेबलावर, कॅन फरशीवर.
वडील तोंडानं ओढायचे रॉकेल,
दोन दिवस ढेकराला स्टोव्हचा वास.
मी नळी पाण्यानं भरली,
अंगठा दाबून खाली नेली,
सोडली.
आधी पाणी, ते मोरीत.
मग पिवळसर धार, कॅनच्या तळाशी टेकवलेली,
खळखळ नाही, हवेला कळायला नको.
फिरके पीत नाहीत,
उतार बघायला आले होते.

शेवटी फर्र झालं.
दोन बोटं गाळावर राहिली, राहू दिली.
सुमननं न विचारता तीन वाट्या आणल्या.
फिरक्यांनी आपली
कानाला लावली.