शून्य कुठून धरता?

लेंडर्ट कोयमन, वय एकाहत्तर.
मनगटातून तार आत गेली तेव्हा
त्याने पहिलं विचारलं ते हे :
"पाणी किती?"

चौतीस वर्षं मास नदीच्या मुखाशी
खोली मोजायच्या बोटीवर होता तो.
माल उतरवणारे वेगळे, गाळ उपसणारे वेगळे;
हा फक्त तळाला हाक घालायचा
आणि तळ काय ओ देतो
ते कागदावर उतरवून घ्यायचा.
मीही तेच करते, म्हटलं.
"मग आपलं जमेल," म्हणाला.

अँजिओग्राफीत सगळं बरं दिसलं होतं.
रंग सोडला, रंग वाहिला,
एका वळणावर कड जराशी खडबडीत, बस.
पण रंग म्हणजे काठावरून पाहिलेली नदी,
पात्राची रुंदी तेवढी कळते.
इथे भिंतच बाहेरच्या बाहेर सरकते,
न सांगता आलेल्या पाहुण्याला
मागच्या अंगणात खोली बांधून द्यावी तशी,
आणि पुढच्या दारातून जाणाऱ्या रक्ताला
वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

म्हणून हा आवाज, कानाला न येणारा.
तारेच्या टोकाशी तांदळाच्या कणीएवढं यंत्र
धमनीत लांबवर नेऊन ठेवायचं,
मग मोटरने मागे ओढायचं :
सेकंदाला अर्धा मिलिमीटर.
"सावकाश," तो म्हणाला.
"घाई केली की तळ खोटं बोलतो."

पडद्यावर मधोमध काळोख, भोवती राखाडी कडी,
खोड आडवं कापल्यासारखी.
मान वळवू नका म्हटलं. त्याने वळवलीच.

"हे पांढरं?"
चुना. आवाज त्यावर आपटून परत येतो,
मागे नुसती सावली.
"म्हणजे खडक. खडकाचं एवढं काही नाही,
तो नकाशात असतो."

मग ते काळसर, मऊ.
मी काही बोलले नाही.
डॉक्टर फान स्खाइकनी चष्मा वर सरकवला.
"पातळ गाळ," तोच म्हणाला.
"वरून तळ वाटतो. काठी टाका, आत जाते.
वारंवारता किती लावलीय?"

साठ मेगाहर्ट्झ.
त्याला हसू आलं, छातीवरच्या तारा हलल्या.
"उंच सूर बारीक बघतो, खोल जात नाही.
खर्ज खोल जातो, त्याला बारकावा नाही.
आम्ही दोन्ही लावायचो,
आणि तरी एकदा एक टँकर रुतलाच."

त्या मऊवर सायीसारखा पापुद्रा असतो.
तो किती पातळ, ते आवाजाला सांगता येत नाही.
त्याला प्रकाश लागतो; दुसरी तार,
आणि तेवढा क्षण रक्त बाजूला सारावं लागतं.
हे मी त्याला सांगितलं नाही.
त्याने विचारलंही नाही.
पुढचं विचारलं ते मात्र
आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"निम्म्याहून जास्त भरलंय म्हणता.
कशाच्या निम्मं?
शून्य कुठून धरता?
आमच्याकडे अॅमस्टरडॅमची पातळी होती.
भरती येवो, ओहोटी येवो,
तिच्यापासून मोजायचं."

शेजारचा निरोगी भाग धरतो आम्ही.

"आणि शेजारीही भरलेला निघाला तर?"

मोटर थांबली. तार बाहेर आली.
स्टेंट नको, डॉक्टर म्हणाले, तूर्त गोळ्या,
वसंतात पुन्हा बघू.
मनगटावर पट्टा घट्ट बांधून घेत त्याने
चित्राची एक प्रत मागितली, आणि पेन्सिल.
पेन नको म्हणाला, पेन ओलं झालं की पसरतं.

मागच्या बाजूला डाव्या हाताने लिहिलं :
तारीख. वारा नैऋत्य. भरती दोन वाजून दहा मिनिटांनी.
पातळीपुढे रेघ मारली,
आणि ती रिकामीच ठेवून
कागद घडी न घालता
सदऱ्याच्या आत, छातीशी सपाट धरून
तो खुर्चीतून आला तसा खुर्चीतून गेला.