दोन फळ्या

शाळेच्या रद्दीतून ते पुस्तक मी घरी आणलं,
फ्रान्समधल्या चित्रकारांचं, कव्हर गेलेलं.
आत सगळी चित्रं काळी-पांढरी.
एका पानावर एकच रस्ता दोनदा:
दोन मित्रांनी, म्हणे, शेजारी उभं राहून रंगवलेला.
कोणी कोणाकडून काय घेतलं
यावर खाली अर्धं पान चर्चा.

अब्बास बुरोंडकर मचव्यांवर नावं घालायचा.
दाढीत ऑइलपेंट, कानावर विडीच्या जागी चार नंबरचा ब्रश.
पान उलटसुलट धरून म्हणाला,
"रंगच नाहीत मास्तर, मग भांडण कशाचं?"
मग आम्हीच भांडलो पावसाळाभर:
रस्ता तांबडा की पिवळट,
तिकडे जांभा असतो का.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या,
हर्णैचा किनारा मोकळा झाला.
एकच होडी दुरुस्तीला मागे.
प्लायवूडच्या दोन फळ्या,
मासळीच्या दोन पाट्या उलट्या घालून बैठक,
समोर सुवर्णदुर्ग.
मी तटाची रेघ पट्टीने मारली.
तो हसला. तरी दुसऱ्या दिवशी
त्याच्याही फळीवर क्षितिज सरळ होतं.

मी सावलीत काळा ओतत होतो.
त्यानं मनगट धरलं.
"काळा कुठाय? त्या होडीच्या नाळेखाली बघा,
आगळ सांडल्यागत आहे."
पाहिलं.
होतं.
बावीस वर्षं मुलांना काळी सावली शिकवली होती मी.

लिलाव आटपून बायका मागे उभ्या राहायच्या.
"दोघांत एकच किल्ला? दुसरा मिळाला नाय?"

रत्नागिरीच्या प्रदर्शनात माझ्या फळीला दुसरं बक्षीस.
परीक्षक म्हणाले, सावलीतला हा जांभळा कुठून आणलात?
मी म्हणालो, निरीक्षण.
एवढा एकच शब्द.
तो माझ्याआधी गावात पोचला,
आदल्या एसटीनं आला असावा.

अब्बास काही बोलला नाही.
त्या मोसमात नव्या मचव्याच्या कुशीवर, नावाशेजारी,
त्यानं किल्ला काढला.
तट अगदी पट्टीने मारल्यासारखा,
आणि तटाखाली सावली
कुळकुळीत काळी.
सात वर्षं तो मचवा माझ्या डोळ्यांदेखत
जात राहिला, येत राहिला.

आता होड्या फायबरच्या, नावांचे स्टिकर मिळतात.
परवा त्याचा नातू आला, यासीन, कुवेतहून सुट्टीवर.
"आमच्या दादांचं काही आहे का तुमच्याकडे?
घरी तर ब्रशसुद्धा उरला नाही."
मी भिंतीवरून बक्षिसाची फळी उतरवली.
रंगात अजून वाळू होती.
त्यानं अंगठ्यानं कोपरा पुसला, वाचलं.
"पण ही तर तुमची सही."
माझीच, म्हटलं. सहीकडे बघू नको.
तू सावली घेऊन जा.