चोवीस तासांचा रकाना

तार्तूच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
पाकिटं उघडायचा अधिकार मला नाही.
आत लिहिलेलं असतं, सुई कुठे:
खुब्याच्या पुढच्या हाडाशी, स्नायूच्या दोरीखाली,
की मांडीवरच्या पातळ पडद्याआड, जरा लांब.
औषध तेच. तेवढंच.
यंत्रावर, म्हणतात, ते करड्यात काळं पसरतं,
बर्फाखालून पाणी सरकावं तसं.

मी फक्त विचारते.
सहा तासांनी, बारा, चोवीस.
शून्य म्हणजे काहीच नाही,
दहा म्हणजे कल्पनाही करवणार नाही असं.

साल्मे म्हणाली, "कल्पना करायला बसले
तर दहावर थांबेन होय, पोरी?"
मग मोजा विणता विणता, टाका न सोडता:
"आठ."
"बटण हाताशी आहे, दाबा की."
"तू किती ते विचारलंस. मी सांगितलं."

आर्व्होचं उलटं. मुहू बेटावरचा, होड्या बांधणारा.
सहाव्या तासाला दोन, बाराव्याला दोन,
आणि पलंगाच्या कठड्यावर बोटं पांढरीफटक.
पंपाची नोंद सांगते, रात्रीत एकोणीस वेळा दाबलं.
"आर्व्हो, खरं सांगा."
"त्या डॉक्टरीणबाईंचा हात हलका होता.
त्यांची सुई हरायला नको."
"कुठली सुई, ते त्यांच्या हातात नव्हतं.
पाकीट ठरवतं."
तो जरा वेळ छताकडे बघतो.
"मग पाकिटाला दोन."

सकाळी पाय उचलायला सांगते.
साल्मेची टाच चादरीपासून वीतभर वर, थरथरत, पण वर.
आर्व्होची मांडी अजून निजलेली.
ओल्या फळीवरून फिरवावा तसा
तो तिच्यावरून तळवा फिरवतो:
"वाळायचीय."

मला अंदाज येतो, कुणाला काय मिळालं.
अंदाजाला रकाना नाही.
वसंतात कुणीतरी बेरीज करेल,
दोन आणि आठ, भागिले दोन, पाच.
पाच इथे रात्रभर
कुणालाच दुखलं नव्हतं.

दाराशी पोचते तोवर मागून हाक:
"शेजारच्या खोलीत सुयांचा आवाज येतो,
त्या बाईंचं किती?"
"सांगता येत नाही."
"फार?"
मी फाइल छातीशी धरून उभी.
"बरं," तो म्हणतो, "माझं तीन कर."

मी तीन लिहिते.