दगड न रोवलेला रस्ता

एकतीस वर्षं मी खात्यात रस्त्याचे दगड रंगवले.
डोकं पिवळं तर रस्ता दिल्लीचा, हिरवं तर राज्याचा,
काळं म्हणजे आपला, जिल्ह्याचा, खड्ड्यांसकट.
जांबोटी १२. कणकुंबी २८.
नावं माझ्याच हातानं बदलली.
मराठीवर चुना, चुन्यावर कन्नड,
एकदा रात्रीत कुणीतरी त्यावर डांबर,
सकाळी परत मीच, डबा आणि ब्रश घेऊन.
आकड्याला मात्र कुणी हात लावला नाही.
जांबोटी कुठल्याही लिपीत तेवढीच लांब राहिली,
चालणाऱ्याच्या टाचेला विचारा.

आता सुगंधा माल्टात आहे,
म्हाताऱ्यांच्या एका घरात, रात्रपाळीला.
निर्मळा सायप्रसला, लार्नाकात,
हॉटेलच्या चादरींवर इस्त्री फिरवते.
दोन्ही बेटं. दोन्हीकडे विमानतळ,
आणि विमानतळातून बाहेर पडलं की थोड्या वेळात पाणी,
असं दोघी सांगतात.
बायको म्हणाली, "एवढे दगड रंगवलात,
सांगा की, पोरी एकमेकींपासून किती लांब?"

मला सांगता आलं नाही.

शेजारच्या भैरूच्या नातवानं फोनवर काढून दिलं:
सतराशे चाळीस किलोमीटर, सरळ रेषेत.
विमानाला अडीच तास.
जाताना जरा कमी, येताना जरा जास्त, वारा तसा असतो म्हणे.
सरळ रेषेत म्हणजे? घाट नाही? वळसा नाही?
"आजोबा, मधे एखादं बेट सोडलं तर पाणीच आहे."
पाण्यात दगड कुठं रोवणार?

अडीच तास.
अडीच तासांत लाल गाडी कोल्हापूर गाठते,
कोगनोळीचा नाका धरून.
कोल्हापुरात बायकोची बहीण असते.
तिच्याकडे गेलो, त्याला सहा वर्षं झाली.

पोरींना तीन.
एकीची सुट्टी तेव्हा दुसरीची पाळी,
थेट विमान रोज नसतं, तिकीट महाग,
मग फोनवर: "जवळच तर आहे गं."

परड्यात एक जुना दगड पडून होता,
मैलांच्या काळातला, खात्यानं फेकलेला,
कोपरा उडालेला. बायको त्यावर धुणं आपटायची.
मी तो घासला. डोकं निळं केलं.
निळा नियमात नाही.
लार्नाका १७४०.
लिपीपाशी ब्रश धरून बराच वेळ उभा राहिलो.
तिथल्या लोकांची अक्षरं मला येत नाहीत,
म्हणून मराठीत, आणि खाली कन्नडमध्ये, सवयीनं.
तासांना जागा ठेवली नाही.
दगडावर आम्ही वेळ कधी लिहिलीच नाही,
वेळ ज्याची त्यानं काढायची.

सांबऱ्याला उतरणारं संध्याकाळचं विमान
आमच्या मुतग्यावरून इतकं खाली येतं की चाकं दिसतात.
शेळी बिथरते. दगडाला बांधून ठेवली तिला.

गेल्या मंगळवारी सुगंधाच्या नंबरावरून
निर्मळा बोलली:
"बाबा, इकडं वारं लई सुटलंय बघा,"
आणि मागं सुगंधा हसली,
त्याच फोनात, त्याच वाऱ्यात.
चार दिवस आहेत एकत्र.

फोन कानाला तसाच धरून मी परड्यात गेलो.
दगड खोटा पडला होता.
घरात चुना होता, ब्रशही मऊ होता.
पुसला नाही.
माणूस पोचला म्हणून कुणी दगड उपटत नाही,
एवढं तरी खात्यात शिकलो.

शेळी सोडली.
बायकोला म्हटलं, आवर लवकर,
उद्याची कोल्हापूर गाडी साडेसहाला आहे.